कल्पित भाषेचे प्रत्यय कसे घडवायचे: तक्ता भरू नका, शब्द झिजवा

कल्पित भाषा, म्हणजे गोष्टीसाठी किंवा गेमसाठी स्वतः रचलेली भाषा, करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यात वहीत मोठा तक्ता आखतो. मीही तेच केलं होतं. संस्कृतसारख्या आठ विभक्त्या, एकवचन द्विवचन अनेकवचन, म्हणजे 24 घरं, आणि प्रत्येक घरात सुचेल तो तुकडा ठोकून दिला, कुठे आक, कुठे इश, कुठे ओम. तक्ता दिसायला झकास होता. पण तीन आठवड्यांनी त्या भाषेत पहिलं सरळ वाक्य लिहायला घेतलं तेव्हा एकही रूप तोंडात बसेना, प्रत्येक शब्दाला वही उघडायची, आणि दोन प्रत्यय शेजारी आले की असा काही उच्चार व्हायचा जो कुठलाही माणूस रोज करणार नाही.

ती वही मी बाजूला ठेवली आणि नंतर जे शिकलो ते इथे पायरीपायरीने सांगतोय. मुद्दा एकच आहे, खऱ्या भाषांत प्रत्यय कुणी ठरवून लावलेले नसतात, ते बहुतेकदा एकेकाळचे धड शब्द असतात, वापरून वापरून झिजलेले. त्यामुळे आपणही आधी शब्द घ्यायचे, ते झिजवायचे, आणि तक्ता सगळ्यात शेवटी, जे हाताला लागलं ते लिहून ठेवण्यासाठी.

आधी आपल्याच तोंडात बघा

यासाठी लांब जायला नको. "मी येतो आहे" हे आपण बोलताना कधी म्हणतो? "येतोय" म्हणतो. "केलं आहे" चं "केलंय", "गेला आहे" चा "गेलाय", "उद्या जाणार आहे" चं सर्रास "उद्या जाणारे". "आहे" हे पूर्ण क्रियापद होतं, त्याचा आता एक "य" उरलाय, आणि तो "य" मागच्या शब्दाला इतका चिकटलाय की मेसेजमध्ये तोडून लिहायचा विचारसुद्धा कुणी करत नाही. म्हणजे एक नवा प्रत्यय आपल्या डोळ्यांदेखत तयार होतोय.

आता विदर्भात जा. तिथे तेच चालू काम सांगायला "येऊन राहिलो", "करून राहिला" म्हणतात. एकच भाषा, एकच अर्थ, पण एका भागाने "असणे" उचललं आणि दुसऱ्याने "राहणे". समजा अजून चारशे वर्षं दोन्हीकडे अशीच झीज चालू राहिली, तर दोन बोलींत एकाच काळाचे दोन पूर्ण वेगळे प्रत्यय दिसतील आणि ते कुठून आले हे शाळेतल्या पोराला सांगावं लागेल. तुमच्या कल्पित भाषेला बोली हव्या असतील तर हाच रस्ता, दोन बोलींना दोन वेगळे मूळ शब्द द्या.

नामांचंही तसंच. "घरात" मधला "त" म्हणजे "आत" चाच झिजलेला तुकडा मानला जातो. त्याच्या आधीच्या पिढीतला प्रत्यय अजून "घरी", "दारी", "सकाळी", "रात्री" मध्ये जिवंत आहे, फक्त तो आता ठराविक शब्दांनाच लागतो, "कपाटी" किंवा "डब्यी" असं कुणी म्हणत नाही. जुना प्रत्यय कोपऱ्यात उरलेला आणि नवा सगळीकडे पसरलेला, हा थर तुमच्या भाषेत आणलात तर वाचणाऱ्याला ती लगेच खरी वाटते.

पहिली पायरी: कोण बोलतं आणि त्यांना कशाची गरज पडते

प्रत्येक भाषा सगळं काही सांगू शकते, फरक असतो तो सक्तीचा. मराठीत "शिक्षक आला" म्हणा नाहीतर "शिक्षिका आली", लिंग सांगावंच लागतं. तुर्कीत भूतकाळ सांगताना ती गोष्ट स्वतः पाहिली की नंतर कळली हे क्रियापदात येतं, पाहिलं तर "गेल्दी" (आला), ऐकलं किंवा खुणांवरून कळलं तर "गेल्मिश". आपल्याकडे यासाठी "म्हणे" आहे, "तो आला म्हणे", पण आपण तो गाळू शकतो. सक्तीचं काय आणि ऐच्छिक काय हे ठरवणं म्हणजे या कामातला अर्धा विचार, आणि तो वहीत एकही प्रत्यय लिहायच्या आधी व्हायला हवा.

या लेखापुरती मी एक छोटी भाषा घेतो, नाव सुवेनी. बोलणारे लोक मोठ्या नदीवर नावांत राहतात, मासे पकडतात, काठावर क्वचित उतरतात. त्यांना डावं-उजवं फारसं लागत नाही, नदीच्या वरच्या अंगाला की खालच्या अंगाला हे मात्र सतत लागतं. आणि नदीवर बातमी एका नावेवरून दुसऱ्या नावेवर अशी फिरते, म्हणून पाहिलेलं आणि ऐकलेलं यातला फरक त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे, पूर आला हे कुणी बघितलं की नुसतं कानावर आलं. बस, एवढंच सक्तीचं करायचं. आठ विभक्त्या नकोत, द्विवचन नको.

लिंगाचा मोह अनेकांना होतो. लिंग ठेवायचं असेल तर ते वाक्यात दुसऱ्या कुठल्या तरी शब्दाला बदलायला लावतं का ते बघा. "चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल", इथे विशेषण हलतं, पुढे क्रियापदही हलतं, म्हणून मराठीत लिंगाला काम आहे. नुसतं शब्दकोशात प्रत्येक नामापुढे लिंग लिहून ठेवलं आणि वाक्यात काहीच हललं नाही तर ते कुणाला दिसणारच नाही. सुवेनीत मी लिंग ठेवलं नाही.

दुसरी पायरी: मूळ शब्द

आता मूळ भाषेचे, म्हणजे सुवेनीच्या आजीच्या काळातले थोडे शब्द करू. तालो म्हणजे नाव (होडी), पेनु म्हणजे मूल, मिरा म्हणजे मासा, पोति म्हणजे बगळा, रोमे म्हणजे दगड. क्रियापदं, किसु पकडणे, हुरे खाणे, लेपा बघणे, वोरे बोलणे.

प्रत्यय म्हणून ज्यांना झिजवायचं ते शब्द मी मुद्दाम शरीराचे घेतलेत. जगभरच्या भाषांत जागा दाखवणारे शब्द अवयवांवरून आलेत, आणि मराठीत तर भरभरून आहेत, "पाठीमागे", "तोंडाशी", "डोंगराच्या माथ्यावर", "पायथ्याशी", "नदीच्या पोटात". तर सुवेनीत काना म्हणजे हात, याचं पुढे "ने" होईल, करणारा माणूस दाखवायला. वीनु म्हणजे पोट, याचं "आत". मोले म्हणजे डोकं, याचं "नदीच्या वरच्या अंगाला". सेती म्हणजे पाय, याचं "खालच्या अंगाला". अनेकवचनासाठी लामा, म्हणजे थवा, घोळका. आपणही "पाहुणे मंडळी", "आम्ही लोक" असं घोळक्याचा शब्द जोडून बोलतोच.

जोडायचा क्रम एकदाच ठरवून टाका आणि मोडू नका. सुवेनीत आधी नाम, मग घोळका, मग अवयव. तुर्कीत असेच तुकडे ओळीने लागतात, एव म्हणजे घर, एव-लेर घरं, एव-लेर-इम माझी घरं, एव-लेर-इम-दे माझ्या घरांत. प्रत्येक तुकड्याचा एक अर्थ, तुकडे सुटे करून दाखवता येतात. मराठीत तसं नाही, "मुलांनी" मधल्या अनुस्वारात अनेकवचन आहे, पण "नी" मध्येही आहे कारण एकवचनात "ने" असतं. दोन्ही प्रकार चालतात, आणि एकाच भाषेत दोन्हींचे अंशही असतात.

प्रत्यय मागेच लागले पाहिजेत असंही नाही. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिलीत ते पुढे लागतात. 2009 च्या अवतार सिनेमासाठी पॉल फ्रॉमर यांनी केलेल्या नावी भाषेत तर ते क्रियापदाच्या पोटात घुसतात, तारोन म्हणजे शिकार करणे, तामारोन म्हणजे शिकार केली, मधे "आम" बसलंय. हे फिलिपिन्सच्या तागालोगमध्ये खरोखर होतं, सुलात म्हणजे लिहिणे, सुमुलात म्हणजे लिहिलं. पण पहिल्या भाषेसाठी माझा सल्ला, मागे लागणारेच घ्या. मराठी माणसाच्या जिभेला ते सवयीचे असतात, त्यामुळे चूक झाली तर कानाला लगेच कळते.

तिसरी पायरी: झिजवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. उच्चार बदलण्याचे तीनचार नियम ठरवायचे आणि ते सगळ्या शब्दांना, कुणालाही न वगळता, एका ठरलेल्या क्रमाने लावायचे. आवडता शब्द बिघडतोय म्हणून त्याला वाचवायचं नाही, कारण त्या बिघडण्यातूनच पुढे गंमत येते.

सुवेनीचे नियम हे.

1. शब्दाच्या मधल्या मोकळ्या, म्हणजे स्वराने संपणाऱ्या, अक्षरातला ऱ्हस्व इ किंवा उ गळतो, पहिलं आणि शेवटचं अक्षर सोडून.
2. दोन स्वरांच्या मधे सापडलेले प, त, क मऊ होऊन ब, द, ग होतात.
3. उच्चारात तीन किंवा जास्त ठोके (पेन-का-ना असे) असलेल्या शब्दाचा शेवटचा स्वर गळतो.
4. यानंतर शब्दाच्या शेवटी राहिलेला न नाकात जातो, म्हणजे नुसता अनुस्वार उरतो.

पहिला नियम मी मराठीवरूनच घेतलाय. पाटील, पण पाटलाचा. कापूस, पण कापसाचा. शब्द लांबला की मधला स्वर खाल्ला जातो, आणि हे आपण रोज करतो पण कधी मोजत नाही. दुसरा नियम जगभर सापडतो, जीभ दोन स्वरांच्या मधे पूर्ण थांबायचा कंटाळा करते.

आता नाव घेऊ. तालो अधिक काना.

तालोकाना, इथे मधे ऱ्हस्व इ-उ नाही म्हणून पहिला नियम लागत नाही. दुसऱ्याने तालोगाना. तिसऱ्याने तालोगान. चौथ्याने तालोगां. म्हणजे "नावेने".

मग मूल. पेनु अधिक काना.

पेनुकाना. पहिल्या नियमाने मधला उ गेला, पेनकाना. आता क च्या आधी न आलाय, तो दोन स्वरांच्या मधे राहिलाच नाही, म्हणून मऊ होत नाही. तिसऱ्याने पेनकान, चौथ्याने पेनकां. म्हणजे "मुलाने".

एकाच मूळ शब्दापासून तालोगां मध्ये "गां" आला आणि पेनकां मध्ये "कां" आला. इ किंवा उ ने संपणाऱ्या नामांचा एक गट आपोआप पडला, बाकीच्यांचा दुसरा. मी दोन गट करायचे असं ठरवलं नव्हतं. आणि मुख्य म्हणजे हे कुणालाही पाठ करावं लागत नाही, कारण त्यामागे कारण आहे.

बगळ्याचं अजून गोड आहे. पोति एकटा असताना त दोन स्वरांच्या मधे आहे, म्हणून तो पोदि होतो. पण पोतिकाना मध्ये आधी इ गळतो, पोतकाना, मग त मोकळा राहत नाही, तो मऊ होत नाही, आणि शेवटी पोतकां. म्हणजे "बगळा" पोदि आणि "बगळ्याने" पोतकां. प्रत्यय लागताना मूळ शब्दच बदलला. हे आपलं सामान्यरूप, घोडा पण घोड्याला, देऊळ पण देवळात. परक्या माणसाला मराठी शिकवून बघा, तो इथेच अडतो, आणि आपल्याला मात्र पाच वर्षांचं असल्यापासून हे येतं.

क्रम बदलून एकदा करून बघाच. आधी मऊ करणं आणि मग स्वर गाळणं असं केलं तर पोतिकाना चं पोदिगाना, मग पोदगाना, मग पोदगां होतं, मुलाचंही पेनगां होतं, सगळीकडे "गां" च राहतो आणि दोन गटांची सगळी मजा जाते. नियम तेच, फक्त उलटे लावले. म्हणून क्रम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मी स्प्रेडशीटमध्ये करतो, पहिल्या कॉलममध्ये मूळ जोडशब्द, पुढच्या प्रत्येक कॉलममध्ये एकेक नियम लावल्यानंतरचं रूप. चूक कुठे झाली ते आडव्या ओळीत लगेच दिसतं, आणि सहा महिन्यांनी "हे रूप असं का आहे" हा प्रश्न पडला तर उत्तर तिथेच असतं.

काना हा शब्द मात्र एकटा असताना "काना" च राहिला, दोनच ठोके आहेत. म्हणजे आजच्या सुवेनी माणसाला "काना" म्हणजे हात माहीत आहे, "गां" म्हणजे ने माहीत आहे, पण दोघांचं नातं त्याच्या लक्षातही येत नाही. आपल्याला तरी "घरात" म्हणताना "आत" कुठे आठवतं?

चौथी पायरी: मोठ्याने बोला

अनेकवचन लावू. पेनु अधिक लामा चं पेनलाम, मुलं. पेनु, लामा, काना तिन्ही जोडले की पेनलामागां, मुलांनी. एकवचनात "कां" होता, अनेकवचनात "गां" झाला, कारण आता आधी लामा चा आ आलाय. सरळ नियमातून आलंय पण ऐकताना अनियमित वाटतं, असं मिळालं की समजायचं गाडी रुळावर आहे.

नावेचं अनेकवचन तालोलाम. हे दहा वेळा भरभर म्हणा. लोला, लोला, जीभ अडखळते. खऱ्या भाषांत अशी सारखी अक्षरं शेजारी आली की एक गिळलं जातं. म्हणून मी ठरवलं की सुवेनी लोक "तालाम" म्हणतात, आणि नावांनी म्हणजे "तालामागां". हा एकच शब्द नियम सोडून वागतो, आणि त्याला तसं वागायचा हक्क आहे, कारण नावेत राहणाऱ्या माणसाच्या तोंडी "नावा" हा शब्द दिवसातून पन्नास वेळा येणार.

अनियमितता कुठे ठेवायची याचं उत्तर यातच आहे. ती रोजच्या वापरातल्या शब्दांत ठेवा. मराठी क्रियापदं बघा, बस-बसला, उठ-उठला, पळ-पळाला, बहुतेक अशी सरळ आहेत. सरळ न जाणारी कोणती? जा-गेला, ये-आला, कर-केला, दे-दिला, हो-झाला, मर-मेला, खा-खाल्ला. सगळी रोजची. गेला, केला, मेला यांच्यामागे संस्कृतातले गत, कृत, मृत उभे आहेत. बोलणाऱ्यांच्या तोंडी ती रोज होती म्हणून जुनं रूप विसरलं गेलं नाही, क्वचित वापरातली क्रियापदं मात्र नव्या साच्यात ओतली गेली. लहान मुलं "मी करलं" म्हणतात ना, ती चूक म्हणजे तोच साचा लावून बघणं, आणि "केलं" इतक्या वेळा कानावर पडतं की सहा-सात वर्षांचं होईतो मूल सुधारतं. तुमच्या भाषेत "धूपपात्र" हा शब्द अनियमित आणि "जाणे" नियमित असेल तर ते खोटं वाटतं.

याच्या उलट टोकाला एस्पेरांतो ही ठरवून रचलेली भाषा आहे. झामेनहोफ यांनी 1887 मध्ये ती जाहीर केली तेव्हा हेतूच असा होता की शिकायला सोपी हवी, म्हणून प्रत्येक नाम ओ ने संपतं, अनेकवचनाला य, कर्माला न, अपवाद नाही. हुंदो म्हणजे कुत्रा, हुंदोय कुत्रे, हुंदोयन म्हणजे कुत्र्यांना, कर्म म्हणून. तो हेतू तुमचा असेल तर झीज वगैरे विसरा, स्वच्छ तक्ता करा. पण कथेतल्या किंवा गेममधल्या लोकांची, पिढ्यान् पिढ्या बोलली गेलेली भाषा हवी असेल तर तो रस्ता वेगळा.

पाचवी पायरी: क्रियापद, आणि "ने" कधी लावायचा

क्रियापदाला मी फक्त भूतकाळाचे दोन प्रत्यय दिले. लेपा म्हणजे बघणे हे जोडलं की "मी बघितलंय", वोरे म्हणजे बोलणे हे जोडलं की "झालं म्हणे". किसु अधिक लेपा, मधला उ गळून किसलेपा, प चा ब होऊन किसलेबा, शेवटचा स्वर जाऊन किसलेब. किसु अधिक वोरे चं किसवोर. हुरे चं हुरेलेब आणि हुरेवोर. बघणे हे क्रियापद स्वतः आता लेबा झालंय, आणि त्याचं भूतकाळी रूप लेबालेब, जे मला मनापासून आवडतं.

वर्तमानाला काहीच लावलं नाही. प्रत्येक घरात काहीतरी भरलंच पाहिजे हा आग्रह सोडा. रिकामी जागासुद्धा अर्थ सांगते. मराठीत "देव आला" आणि "देव आले" यात देव हा शब्द हललेला नाही, एक की अनेक (की आदरार्थी) ते क्रियापदावरून कळतं. एका ठिकाणी कळत असेल तर दुसरीकडे गप्प बसलेलं चालतं.

आता "ने" चा प्रश्न. "मुलगा आंबा खातो" पण "मुलाने आंबा खाल्ला". भूतकाळ आला की करणाऱ्याला "ने" लागतो आणि क्रियापद करणाऱ्याला सोडून आंब्याच्या मागे जातं, आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. त्यातही "मी" आणि "तू" ला ने लागतच नाही, "मी पोळी खाल्ली". आणि कर्माला "ला" लागला की क्रियापद दोघांनाही सोडून नपुंसकलिंगात जाऊन बसतं, "त्याने मांजरीला मारलं". एवढं गुंतागुंतीचं यंत्र आपण विचार न करता चालवतो. कल्पित भाषा करणारे इंग्रजी पुस्तकांतून हे प्रकरण मोठ्या कष्टाने समजून घेतात, आपल्याला ते घरचं आहे, त्याचा फायदा घ्या.

सुवेनीसाठी मी एवढंच ठरवलं, की भूतकाळात आणि वाक्यात कर्म असेल तरच "गां/कां" लावायचा. कारणही इतिहासातून येतं, मूळ अर्थ "मुलाच्या हातून मासा पकडलेला बघितला" असा होता, आणि हातून व्हायला काहीतरी वस्तू लागते. तुमच्या प्रत्येक नियमाला असं एक वाक्याचं कारण देता आलं पाहिजे. देता येत नसेल तर तो नियम बहुतेक दुसऱ्या भाषेतून जसाच्या तसा उचललेला असतो.

सहावी पायरी: उसने शब्द आत सोडा

ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात, आणि भाषा जिवंत आहे की नाही ते इथेच कळतं. "फूल" चं आपण फुलाचा करतो, ऊ ऱ्हस्व होतो. पण "स्कूल" चं "स्कुलाचा" होत नाही, "स्कूलचा" होतं. पाटील-पाटलाचा, पण मोबाइल-मोबाइलचा. जुन्या शब्दांवर जो नियम चालला तो नव्यांपर्यंत पोचलेला नाही. म्हणजे नुसत्या रूपावरून सांगता येतं की शब्द घरात कधी आला.

सुवेनीत व्यापाऱ्यांकडून नाण्यासाठी "मोतु" हा शब्द आला, झीज होऊन गेल्यानंतर. म्हणून त्यातला त मऊ झाला नाही, मोदु नाही, मोतुच. आणि "नाण्याने" म्हणजे मोतुगां, उ न गळता, कारण नव्या शब्दांना लोक मोठ्या गटाचा प्रत्यय लावून मोकळे होतात. दोन गटांपैकी "गां" वाढता आणि "कां" आटत जाणारा. एका शब्दावरून त्या लोकांचा व्यापार उशिरा सुरू झाला हे कळतं.

कधी उलटंही होतं, आणि ते उदाहरण मला फार प्रिय आहे. अरबीतला किताब आपल्याकडे आला आणि पूर्व आफ्रिकेत स्वाहिलीतही गेला, तिथे तो "किताबू" झाला. स्वाहिलीत वस्तूंच्या एका वर्गाला एकवचनात पुढे "की" आणि अनेकवचनात "वी" लागतं. लोकांना किताबू मधला "कि" हा आपलाच उपसर्ग वाटला आणि अनेकवचन झालं "विताबू". अरबीत त्याच शब्दाचं अनेकवचन कुतुब आहे, आतले स्वर बदलून. बाहेरचा शब्द आला आणि घरच्या व्याकरणाने त्याचे तुकडे पाडले. तुमच्या भाषेत असा एक तरी शब्द असू द्या.

सातवी पायरी: आता तक्ता, आणि वाक्यं

आता खुशाल तक्ता करा, पण जे तयार झालंय तेच त्यात उतरवा. सुवेनीचा तक्ता एका पानात मावतो. तालो, तालोगां, तालोवीं म्हणजे नावेत, तालोमोल म्हणजे नावेच्या वरच्या अंगाला, तालोसेद म्हणजे खालच्या अंगाला. दुसऱ्या गटात पोदि, पोतकां, पोतवीं, पोतमोल, पोतसेद. फरक फक्त "गां/कां" मध्ये आणि मूळ शब्दात.

मग निदान वीस वाक्यं लिहा, आणि ती सरळसोट नकोत. "मुलाने आईच्या चाकूने मासा कापला" यासारखं, जिथे करणाऱ्यालाही ने आणि साधनालाही ने. मराठी दोन्ही ठिकाणी एकच प्रत्यय वापरते आणि कुणाचा गोंधळ होत नाही, तुमची काय करते? "नसलेल्या नावेत कोण बसलं?", "तो येईपर्यंत जेवू नका", "माझ्यापेक्षा ती मोठी". यातली निम्मी वाक्यं अडतील. अडली की नवा प्रत्यय लगेच बनवू नका, आधी आहे त्यातल्या कुणाला जास्तीचं काम देता येतं का बघा. आपल्या "ला" कडे किती कामं आहेत ते मोजा, "मला दे", "पुण्याला गेला", "एक तारखेला आला", "मला भूक लागली". सुवेनीत "माझ्यापेक्षा मोठी" साठी मी "मोल" च वापरला, वरच्या अंगाला असणं म्हणजे जास्त असणं.

प्रत्येक वाक्याखाली तुकडे पाडून अर्थ लिहा, अगदी असं.

पेनलामागां तालोवीं मिरा किसवोर.
मूल-घोळका-ने, नाव-आत, मासा, पकड-म्हणे.
पोरांनी नावेत मासा पकडला म्हणे.

हे लिहिलं की कुठला तुकडा उगाच बसलाय आणि कुठला राहिलाय ते दिसतं. आणि भाषेत काय करता येतं तेही इथेच सापडतं. माझ्या गोष्टीत एक प्रसंग आहे, वरच्या वस्तीतला एक माणूस रात्री येऊन सांगतो, "पेनकां मिरा किसलेब", मुलाने मासा पकडला. ऐकणारी म्हातारी मान वर न करता एवढंच म्हणते, "किसवोर." तो दिवसभर काठावर होता हे तिला माहीत असतं, त्यामुळे त्याच्या तोंडी "लेब" यायला नको होता. मराठीत तो प्रसंग लिहायला मला चार ओळी लागल्या असत्या.